चहाच्या दुकानातील गणकयंत्र



व्यापारातील माहितीव्यवस्था हा विषय कॉलेजातील मुलांना हल्ली पहिल्यादुसऱ्या वर्षीच नेमलेला असतो. आकडेवारी म्हणजे काय, माहिती म्हणजे काय, यंत्रात काय घालावयाचे आणि त्यातून काय काढावयाचे, ह्यांच्या व्याख्या त्यांच्या पुस्तकांत ओळीने दिलेल्या असतात आणि मुले त्या पाठही करतात. पण व्याख्या पाठ झाली म्हणजे वस्तू डोळ्यांसमोर उभी राहतेच असे नाही. म्हणून आज व्याख्यांची वाट सोडून इतिहासाची वाट धरावी असा माझा विचार आहे. ह्या साऱ्या कल्पना पुस्तकांत शिरण्यापूर्वी एका कचेरीत, रोजच्या कामाच्या रेट्यातून, एकामागून एक जन्माला आल्या. ती कचेरी लंडनमधली. आणि तिचा धंदा चहा, पाव आणि केक विकण्याचा!

कचेरीच्या कामासाठी पहिले गणकयंत्र एखाद्या बँकेने किंवा विमा कंपनीने चालविले असेल अशी आपली सहज समजूत होते. प्रत्यक्षात तो मान जे. लायन्स आणि कंपनी ह्या उपाहारगृहवाल्यांकडे जातो. ही कंपनी १८८७ साली निघाली. तिच्यामागे साल्मन आणि ग्लुकस्टाइन ही तंबाखूच्या व्यापारातील दोन घराणी होती आणि जोसेफ लायन्स हे त्यांच्या नात्यातले गृहस्थ कंपनीला नाव देऊन पुढे उभे राहिले. १८९४ साली लंडनच्या पिकॅडिली रस्त्यावर त्यांचे पहिले चहाचे दुकान उघडले. स्वच्छ टेबले, बेताचे दर आणि कोठेही गेले तरी एकाच चवीचा चहा, ह्या गुणांवर ती दुकाने इतकी वाढली की भरभराटीच्या काळी त्यांची संख्या अडीचशेच्या घरात गेली. लंडनच्या हॅमरस्मिथ भागातील कॅडबी हॉल ह्या विस्तीर्ण आवारात बेकऱ्या होत्या आणि तेथेच मुख्य कचेरीही होती.

आता ह्या धंद्याचा हिशेब कसा असतो ते पाहा. जहाज बांधणाऱ्या कारखान्याला वर्षाकाठी चार बिले करावी लागतात आणि प्रत्येक बिलात लाखोंची उलाढाल असते. चहावाल्याचे उलट. रोज लाखो गिऱ्हाइके, आणि प्रत्येकाकडून काही पेन्सच यावयाचे. त्यातला नफा पेनीच्या अंशात मोजावयाचा. एका केकमागे साखर चिमूटभर जास्त पडली तर एका केकचे काहीच बिघडत नाही; पण त्या दिवशी निघालेल्या साऱ्या केकांचे मिळून बिघडते, आणि ते कळले नाही तर वर्षअखेरीस ताळेबंद मांडताना एकदमच कळते. म्हणजे ज्या धंद्यात एकेका व्यवहाराची किंमत सर्वांत कमी, त्याच धंद्यात कागदाचे काम सर्वांत जास्त. लायन्सच्या कचेरीत शेकडो कारकून, त्यांतही बहुतेक तरुण मुली, आकडेमोडीची यंत्रे बडवीत बसलेल्या असत त्या ह्यामुळे.

१९२३ साली ह्या कचेरीत जॉन सिमन्स हा केंब्रिजचा गणिती नोकरीस लागला. माझ्या मते ह्या सगळ्या कथेचा खरा नायक हाच. पुढे यंत्रे बांधणाऱ्या इंजिनियरांची नावे झाली, आणि ती व्हावयास हवीच होती. पण यंत्राला विचारावयाचा प्रश्न सिमन्सने आधीच्या वीसपंचवीस वर्षांत तयार करून ठेवला होता. कचेरीचे काम घडून गेलेल्या गोष्टी नोंदवून ठेवणे हे आहे, असे तोपर्यंत मानले जाई. सिमन्स म्हणे की नोंद हे साधन आहे. कचेरीने धंदा चालविणाऱ्याला वेळेवर काही सांगितले पाहिजे, नाहीतर तिचा खर्च फुकट. आपल्या जुन्या जमाखर्चाच्या परिभाषेत सांगावयाचे तर रोजकीर्द लिहिणे वेगळे आणि तेरीज काढणे वेगळे. किर्दीत प्रत्येक व्यवहार असतो. तेरजेत मालकाला निर्णयासाठी जेवढे लागते तेवढेच असते. ज्याला आज डेटा म्हणतात आणि ज्याच्यासाठी विदा असा शब्द अलीकडे योजला जातो ती ही किर्द, आणि ज्याला माहिती म्हणतात ती तेरीज. एकच आकडा कारकुनाच्या दृष्टीने माहिती असू शकतो आणि मालकाच्या दृष्टीने नुसती अडगळ. तो कोणाला, केव्हा आणि कशासाठी हवा हे ठरल्याशिवाय त्याची किंमत ठरत नाही.

१९३० नंतरच्या दशकाच्या प्रारंभीच सिमन्सच्या हाताखाली कार्यपद्धतींच्या संशोधनाचे एक स्वतंत्र खाते निघाले. ह्या खात्यातील माणसांचे काम एवढेच, की कचेरीतील एखादा फॉर्म हाती घ्यावयाचा आणि तो जन्मतो कोठे, कोणाकोणाच्या टेबलावरून जातो, त्याच्यावर कोण काय लिहितो आणि शेवटी त्याचा उपयोग कोणाला होतो, हे त्याच्या मागोमाग फिरून पाहावयाचे. कोणाला काही उपयोग नाही असे आढळले तर तो फॉर्म बंद करावयाचा. हे काम दिसावयास हलके वाटते, पण ते फार अवघड आहे. कारण प्रत्येक निरुपयोगी कागदाच्या मागे, तो आपल्या टेबलावरून गेलाच पाहिजे असे मानणारा एक माणूस बसलेला असतो! १९३६ साली कंपनीत शिकाऊ म्हणून आलेला डेव्हिड कॅमिनर हा पुढे ह्याच खात्यात वाढला. ज्यांना आज सिस्टिम ॲनालिस्ट म्हणतात त्या व्यावसायिकांचा तो एक आद्य पुरुष होय; आणि लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की तो ह्या विद्येत तयार झाला तेव्हा जगात इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र नव्हतेच.

दुसरे महायुद्ध संपले. १९४७ सालच्या मे महिन्यात सिमन्सने रेमंड थॉम्पसन आणि ऑलिव्हर स्टँडिंगफर्ड ह्या आपल्या दोन सहकाऱ्यांना, युद्धकाळात कचेरीच्या कामात काय सुधारणा झाल्या ते पाहण्यासाठी अमेरिकेस पाठविले. कचेऱ्यांत त्यांना विशेष नवे असे आढळले नाही. पण तोफगोळ्यांच्या मार्गांचे गणित करण्यासाठी बांधलेल्या एनिॲक ह्या इलेक्ट्रॉनिक यंत्राविषयी ते ऐकून होते, आणि त्या यंत्राच्या उभारणीशी संबंध असलेल्या हर्मन गोल्डस्टाइन ह्यांना ते प्रिन्स्टन येथे भेटले. गोल्डस्टाइन ह्यांनी सांगितले की असेच यंत्र तुमच्याच देशात, केंब्रिज येथे मॉरिस विल्क्स बांधीत आहेत. लंडनपासून काही तासांच्या वाटेवर जे होते त्याचा पत्ता अटलांटिक ओलांडल्यावर लागला! दोघांनी परत येऊन अहवाल लिहिला, आणि लायन्सच्या संचालकांनी विल्क्स ह्यांच्या कामासाठी सुमारे तीन हजार पौंड आणि एका विद्युत्तंत्रज्ञाची वर्षभराची सेवा देऊ केली. १९४९ च्या ६ मे रोजी विल्क्स ह्यांच्या एडसॅक यंत्राने पहिले गणित सोडविले. त्याबरोबर लायन्सने त्याच धर्तीवर स्वतःचे यंत्र बांधावयास घेतले. केंब्रिजहून आलेल्या जॉन पिंकर्टन ह्या इंजिनियराकडे ते काम होते. यंत्राचे नाव लायन्स इलेक्ट्रॉनिक ऑफिस, आद्याक्षरांनी लिओ.

लिओमध्ये सुमारे सहा हजार इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्ह होते. त्याची स्मृती म्हणजे पाऱ्याने भरलेल्या नळ्या. त्यांतून ध्वनीची स्पंदने सतत फिरती ठेवावयाची आणि त्या स्पंदनांच्या रूपाने संख्या जपून ठेवावयाच्या, अशी ती युक्ती होती. ह्या स्मृतीत २०४८ संख्या मावत. आज आपल्या खिशातील टेलिफोनने काढलेले एक साधे छायाचित्रही तीत मावणार नाही.

ह्या ठिकाणी जरा थांबले पाहिजे, कारण व्यापारी गणकयंत्र आणि शास्त्रज्ञाचे गणकयंत्र ह्यांतील फरक येथे उघड होतो. केंब्रिजचा शास्त्रज्ञ यंत्रात दोनचार संख्या घाली, यंत्र त्यांच्यावर तासभर गणित करी आणि शेवटी एक उत्तर देई. घालणे थोडे, काढणे थोडे, मधले गणित प्रचंड. कचेरीचे बरोबर उलटे. दहा हजार माणसांचा पगार काढावयाचा तर प्रत्येकाचे तास, दर, कपाती, कर हे सगळे आत घालावयाचे. त्यावर करावयाचे गणित म्हणजे बेरीज, वजाबाकी आणि थोडा गुणाकार. आणि लगेच दहा हजार पगारपत्रके बाहेर काढावयाची. गणित क्षणात होते आणि पुढच्या माणसाचे आकडे आत येईपर्यंत यंत्र हात जोडून बसून राहते. लायन्सने आदानप्रदानासाठी बाहेरच्या एका कंपनीकडून चुंबकीय फितीची योजना करून घेतली होती. ती काही नीट चालेना. अखेर ती सोडून देऊन भोके पाडलेली कार्डे आणि कागदी फिती ह्या जुन्या परिचित साधनांचे अनेक मार्ग एकाच वेळी यंत्राला जोडण्यात आले, आणि मग गाडी रुळावर आली. ह्यात मोठा काळ गेला. माहितीव्यवस्थेच्या पुस्तकात आदान, प्रक्रिया, प्रदान अशा तीन चौकटी सारख्या आकाराच्या काढलेल्या असतात. पण लिओच्या बांधणाऱ्यांना खरा घाम फुटला तो पहिल्या आणि तिसऱ्या चौकटीत.

तोपर्यंत यंत्र मात्र रिकामे बसले नव्हते. १९५१ च्या ५ सप्टेंबर रोजी बेकरीच्या मालाचे मूल्यांकन हे काम त्याच्यावर प्रथम चालवून पाहण्यात आले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर ते काम दर आठवड्याला नियमाने लिओकडे सोपविण्यात आले. बेकऱ्यांतून पाव, केक आणि पाय किती निघाले, त्यांना सामान, मजुरी आणि इंधन किती लागले, ते दुकानांकडे, किराणा व्यापाऱ्यांकडे आणि उपाहारगृहांकडे कसे वाटले गेले आणि त्यांची किंमत काय झाली, असा हा हिशेब. नित्याच्या कचेरीकामाला लागलेले हे पहिले इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीने युनिव्हॅक यंत्रावर पगाराचे काम सुरू केले ते १९५४ साली. पहिले काम म्हणून बेकरीचे मूल्यांकन निवडण्यातही शहाणपण होते. त्यात घालावयाचे आकडे बेताचे होते, आणि एखादे दिवशी यंत्र बंद पडले तरी कोणाच्या घरी चूल पेटावयाची राहणार नव्हती.

पगाराचे तसे नव्हते. ब्रिटनमध्ये १९४४ पासून प्राप्तिकर दर आठवड्याच्या पगारातूनच कापण्याची पद्धत सुरू झाली होती, आणि तिने कारकुनांच्या नाकी नऊ आणले होते. हा कर त्या आठवड्याच्या पगारापुरता मोजून भागत नसे. वर्षारंभापासून आजवरची एकूण मिळकत, तिच्यावरील एकूण कर, त्यातून आजवर कापलेला कर वजा, असा तो काढावा लागे. म्हणजे प्रत्येक माणसाची खतावणी आठवड्यागणिक पुढे ओढीत न्यावयाची, आणि कोठे एकदा चूक झाली की ती पुढच्या प्रत्येक आठवड्यात शिरावयाची. अनुभवी कारकुनाला एका माणसाचा पगार काढण्यास आठ मिनिटे लागत. लिओला दीड सेकंद पुरत असे. पण ह्या वेगावर विसंबून कोणी लगेच जुनी पद्धत मोडली नाही. यंत्राचा आणि कारकुनांचा हिशेब काही काळ शेजारी शेजारी चालविण्यात आला, दर आठवड्याला दोन्ही ताडून पाहिले गेले, आणि १९५३ च्या नाताळाच्या सुमारास बेकरीतील कामगारांचे पगार प्रथम लिओच्या हिशेबावर दिले गेले. कॅमिनरची शिस्त कडक होती. एकाने लिहिलेली आज्ञावली दुसऱ्याने तपासल्याशिवाय यंत्रावर चढत नसे. एखाद्या कामगाराचा पगार भलताच मोठा निघाला तर यंत्राने तो निमूटपणे छापू नये, वेगळा काढून दाखवावा, अशी सोय आज्ञावलीतच केलेली असे. ह्या आज्ञावली लिहिणाऱ्यांत १९५२ साली निवडलेल्या मेरी कूम्ब्स ह्या बाई होत्या. व्यापारी संगणकाच्या आज्ञावली लिहिणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचे नाव इतिहासात नोंदले गेले आहे.

आता ह्या कथेतील सर्वांत सुंदर भागाकडे येतो. १९५४ च्या ऑक्टोबरात चहाच्या दुकानांना माल पुरविण्याचे काम लिओवर आले. प्रत्येक दुकानाच्या व्यवस्थापिकेला उद्यासाठी कोणता जिन्नस किती हवा हे आदल्या दिवशी कळवावे लागे. जिन्नस पुष्कळ, दुकाने दीडशेच्या आसपास, आणि हे सर्व आकडे रोज यंत्रात घालावयाचे म्हटले तर यंत्राचा वेग व्यर्थ जाणार. ह्यावर त्यांनी काढलेली तोड आपल्या घरोघरच्या गृहिणीला पाठ आहे. आपण दुधाचा रतीब लावतो तेव्हा रोज गवळ्याला शेराचा हिशेब सांगत नाही. रतीब ठरलेला असतो. ज्या दिवशी दूध आले नाही त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खाडा मांडावयाचा, पाहुणे आले तर जादा शेर लिहावयाचा, आणि महिनाअखेर तेवढ्याच खुणांवरून बिल करावयाचे. लायन्सनेही प्रत्येक दुकानाचा वारानुसार रतीब यंत्राजवळ ठेवला. दुपारी ठरलेल्या वेळी कॅडबी हॉलमधील मुली कानाला टेलिफोनची साधने लावून बसत. दुकानातली बाई फक्त बदल सांगे, आज पाव दोन डझन जास्त, केक एक डझन कमी. आणि ऐकणारी मुलगी ऐकता ऐकताच तेवढे आकडे कार्डावर टोची. बाकीचे सर्व ठरल्याप्रमाणे.

माहितीचे मर्म ह्या खाड्यात आहे असे मला वाटते. जे अपेक्षेप्रमाणे घडले ते सांगण्याची गरजच नसते. अपेक्षेपेक्षा जे वेगळे घडले तेवढीच बातमी. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत अपवादाने कारभार पाहणे म्हणून जे तत्त्व सांगतात ते हेच; आणि ते पाळावयाचे तर आधी अपेक्षा काय होती हे लिहून ठेवलेले असावे लागते. रतीबच ठरलेला नसेल तर खाडा कशाचा मांडणार?

शिवाय त्या थोड्याशा बदलांतून लिओ कितीतरी गोष्टी एकदमच काढी. बेकरीने रात्री काय आणि किती भाजावे, कोणत्या दुकानाचा माल कसा जुळवून ठेवावा, गाड्या कोणत्या क्रमाने भराव्यात, कोणाच्या नावे किती बिल लावावे आणि वरिष्ठांना कोणते आकडे दाखवावेत, हे सर्व एकाच आदानातून. पूर्वी हे आकडे पाच टेबलांवर पाच वेळा लिहिले जात आणि पाच ठिकाणी वेगवेगळे चुकत. आता एकदा नोंद, अनेकदा उपयोग. एकात्म माहितीव्यवस्था हे भारदस्त नाव ज्याला पुढे मिळाले, त्याचे हे पहिले उदाहरण मानले जाते. आणि ह्यात दुकानातल्या बाईचा अंदाज बाजूला सारला गेला नव्हता, हेही पाहावे. उद्या पाऊस पडेल, समोरच्या मैदानात सामना आहे, हे तिलाच माहीत. यंत्राने तिच्या डोक्यावरचा सगळा नित्याचा बोजा उतरविला आणि तिचा निर्णय तिच्यापाशीच ठेवला.

येथे कोणी विचारील की कारकुनांचे काय झाले? प्रश्न रास्त आहे. युद्धोत्तर इंग्लंडात कामाला माणसे मिळण्याचीच मारामार होती आणि कचेरीतल्या मुली सतत येत आणि जात. त्यामुळे लायन्समध्ये यंत्राचे स्वागत झाले तर नवल नाही. आपल्या देशातील परिस्थिती निराळी होती. १९६० नंतरच्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक आणण्याचा प्रश्न निघाला तेव्हा कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी त्यास कडवा विरोध केला. त्या विरोधाला अडाणीपणा म्हणून हसणाऱ्यांशी मी सहमत नाही. ज्या समाजात हाताला काम नाही तेथे वाचविलेला वेळ कोणाचा, हे आधी विचारलेच पाहिजे. हे यंत्राला विचारावयाचे प्रश्न नव्हेत, एवढे मात्र खरे.

लिओची कीर्ती पसरली आणि बाहेरची कामे येऊ लागली. ब्रिटिश रेल्वेच्या मालस्थानकांमधील अंतरे त्याने काढून दिली. १९५६ पासून फोर्ड मोटार कंपनीच्या इंग्लंडमधील कामगारांचे पगार तो करू लागला. १९५४ सालीच लायन्सने लिओ कॉम्प्यूटर्स नावाची कंपनी काढून यंत्रे विकण्यास प्रारंभ केला होता. सिगारेटवाले विल्स आणि पोलादवाले स्ट्यूअर्ट्स अँड लॉइड्स हे तिच्या गिऱ्हाइकांपैकी. १९६० नंतर आलेला लिओ तीन तर एका वेळी अनेक कामे सांभाळणारा, त्या काळच्या मानाने फार पुढारलेला होता. तरीही बाजार त्यांच्या हाती आला नाही. अमेरिकेच्या आयबीएमपाशी भांडवल होते, विक्रेत्यांची फौज होती, आणि कार्डयंत्रे वापरणारी जुनी गिऱ्हाइके बांधलेली होती. लायन्सपाशी केक विकून आलेला पैसा. शिवाय ही मंडळी यंत्र विकण्यापूर्वी गिऱ्हाइकाच्या कचेरीतला कागद कागद तपासून सारी पद्धतच नव्याने बांधू पाहत. त्यात गिऱ्हाइकाचे हित होते, पण अशी विक्री झपाट्याने होत नसते.

१९६३ साली लिओ कंपनी इंग्लिश इलेक्ट्रिकच्या संगणकखात्यात विलीन झाली आणि १९६८ साली त्या सर्वांचे मिळून इंटरनॅशनल कॉम्प्यूटर्स, म्हणजे आयसीएल झाले. हे नाव पुण्यात परके नाही. ह्याच आयसीएलच्या भारतातील कंपनीतून पुढे पुण्याची झेन्सार ही कंपनी आकाराला आली. लायन्सचा शेवट मात्र दुःखद झाला. १९७० नंतर त्यांनी परदेशांत विस्तार करण्यासाठी परकी चलनांत मोठी कर्जे काढली. पौंड घसरला, तेलाच्या किमती भडकल्या, आणि १९७८ साली कंपनी अलाइड ब्रुअरीज ह्या मद्योत्पादकांच्या ताब्यात गेली. एका केकवरील नफा पेनीच्या अंशापर्यंत सांगणारी व्यवस्था त्यांच्यापाशी होती, परंतु कर्ज काढावे की नाही हा प्रश्न बेकरीच्या किर्दीतून येत नाही आणि त्याचे उत्तर तिच्या तेरजेत नसते.

पहिला लिओ १९६५ साली कायमचा बंद करण्यात आला. कॅडबी हॉलच्या इमारती पुढे पाडून टाकल्या. ब्रिटिश टपालखात्याने घेतलेली लिओ तीन जातीची यंत्रे मात्र टेलिफोनची बिले काढीत १९८१ पर्यंत चालू होती.